फौजेतून निवृत्त झालेली पिस्तुलं: घेताना आणि सांभाळताना

माझा धंदा घड्याळ दुरुस्तीचा. डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू काढण्यात उमर गेली आणि त्यातूनच जुन्या लष्करी पिस्तुलांचा नाद लागला. दोन्हींत स्प्रिंग आहे, पिन आहे, कुठल्या तरी कारखान्याचा शिक्का आहे. आणि दोन्हींची वाट वापरामुळे क्वचित लागते, हौशी माणसाच्या हातून जास्त लागते. माझ्याकडे आज अकरा नग आहेत. त्यातल्या एकाची वाट मी स्वतः लावली, ती हकीकत पुढे येईलच.

सगळ्यात आधी कागद. कुठलं कॅलिबर बाळगता येतं, परवाना कोणता लागतो, जुन्या वस्तूंना वेगळा नियम आहे का, निष्क्रिय केलेलं पिस्तूल चालतं का, हे देशागणिक बदलतं. तुमच्या परवाना अधिकाऱ्याकडून ते लेखी घ्या आणि मगच पिस्तुलाकडे बघा. पसंत पडलेली वस्तू समोर असली की माणूस नियम आपल्या सोयीने वाचतो. आणि निष्क्रिय नग हा संग्राहकासाठी कमीपणा नाही. शिक्के बघायचे, इतिहास वाचायचा, मूठ हातात घ्यायची, एवढंच ज्याला हवं त्याने डोक्याला ताप कशाला करून घ्यायचा?

काय घ्यायचं ते आधी ठरवा

नवा माणूस थेट लुगरवर झेप घेतो. पी०८ लुगर १९०८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलं, दिसायला देखणं आहे, आणि म्हणूनच त्यात नकली माल सर्वांत जास्त. पहिलं पिस्तूल लुगर नको. त्यात छोट्या छोट्या सुट्या भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात: बाजूची पट्टी, चाप, टॉगलच्या (वर दुमडणाऱ्या सांध्याच्या) पिना. हे सगळे जुळले तर किंमत एक, एखादा जुळला नाही तर दुसरी, आणि न जुळणारा आकडा घासून नवा ठोकणारे महाभाग भरपूर आहेत. ते ओळखायला आधी शे-दोनशे खरे शिक्के डोळ्यांखालून गेलेले हवेत.

सुरुवात मकारोव्हपासून करा. १९५१ साली सोव्हिएत सैन्याने स्वीकारलेलं, आठ गोळ्यांचं, नळी फ्रेमलाच (खालच्या सांगाड्याला) पक्की बसवलेली, सुटे भाग मोजकेच. चापाची कडी खाली ओढायची, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे घेऊन वर उचलायची, की झालं उघडून. रशियात इझेव्स्कला बनलं, पूर्व जर्मनीत, बल्गेरियात आणि चीनमध्येही बनलं. एकाच नमुन्याचे चार देश चार तऱ्हांनी पॉलिश करतात. ते शेजारी शेजारी ठेवून बघण्यात जी मजा आहे ती एका महागड्या नगात नाही. बल्गेरियन नगावर वर्तुळातला दहाचा आकडा असतो, पूर्व जर्मन नगाचं काम सर्वांत साफ. त्याच्या नव्वद टक्के जागा मला तरी आरशासारख्या वाटतात.

दुसरा चांगला पर्याय टोकारेव्ह. सोव्हिएत टीटी-३३, पोलंडचा रादोमला बनलेला, रुमानियाचा कुजीरचा, चीनचा टाइप ५४, आणि युगोस्लाव्हियाचा एम५७, ज्याच्या मॅगझिनमध्ये आठऐवजी नऊ काडतुसं मावतात. मूळ टोकारेव्हला हाताने लावायची सेफ्टी नव्हतीच, फक्त हॅमर (गोळी सोडायला मागून आदळणारी हातोडी) अर्ध्यावर अडकवणारी खाच. तुमच्या समोरच्या नगाला बाजूला सेफ्टीचा खटका दिसला तर तो आयात करताना नंतर बसवलेला असण्याची शक्यता दाट. वाईट नाही, पण मूळ नाही.

‘१९११’ नावाच्या अमेरिकन पिस्तुलाची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात तो कोल्टबरोबर इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल आणि टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनेही बनवला. शिलाई मशीनवाल्या सिंगरने तर जेमतेम ५०० नग बनवले. तेव्हा कोणी ‘सिंगर आहे’ म्हणाला की हात जोडा आणि भिंग काढा. पण युद्धकाळातल्या १९११ वर अनुक्रमांक फक्त फ्रेमवर असतो. स्लाइड एका कंपनीची, नळी दुसरीची, हे तिथे बहुतेक वेळा फसवणुकीचं नव्हे, तर लष्करी कार्यशाळेत झालेल्या दुरुस्तीचं लक्षण. लुगरचा ‘सगळे आकडे जुळले पाहिजेत’ हा हट्ट इथे लावलात तर चांगले नग हातचे जातील.

शिक्के कसे वाचायचे

शिक्का वाचायचा म्हणजे त्यातली अक्षरं वाचायची असं नवख्याला वाटतं. त्याआधी अक्षरांच्या कडा वाचायला शिका. ठोकून उठवलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित वर आलेला असतो. पिस्तूल नंतर कधी बफवर धरून चमकवलं असेल तर ती कड गोल होते, अक्षर उथळ होतं. आणखी एक खूण: पिनांची आणि स्क्रूंची भोकं. मूळ भोकाची कड सपाट आणि धारदार असते. बफचं कापड भोकावरून फिरलं की कडेचा धातू आत ओढला जातो आणि भोकाभोवती वाटीसारखा खळगा पडतो. पिस्तूल तिरकं धरून बाजूने प्रकाश सोडा, खळग्यात प्रकाश वळतो. असा नग कितीही काळाभोर आणि चकचकीत असला तरी ती नंतरची रंगरंगोटी समजायची.

वॉल्थर पी३८ वर शिक्के वाचायला शिकणं सर्वांत सोपं, म्हणून उदाहरण तेच देतो. युद्धकाळात जर्मन कारखान्यांची नावं न लिहिता सांकेतिक अक्षरं ठोकत: ‘एसी’ म्हणजे वॉल्थर, ‘बीवायएफ’ म्हणजे माउझर, ‘सीवायक्यू’ म्हणजे श्प्रेवेर्क. या शेवटच्या कारखान्याचा ठसा पुढे तुटला आणि ‘वाय’चं शेपूट उमटेनासं झालं, त्यामुळे काही नगांवर ते ‘सीव्हीक्यू’ असं दिसतं. माहीत नसलेला माणूस तिसराच कारखाना शोधत बसतो. तपासनिसाचा शिक्का म्हणजे गरुड आणि आकडा: ३५९ असेल तर वॉल्थर, १३५ असेल तर माउझर. कारखान्याचं अक्षर वॉल्थरचं आणि गरुडाखाली १३५ असेल तर थांबा, विचारा.

रशियनांनी पकडलेल्या पी३८ ची मोठी लाट बाजारात येऊन गेली. ते ओळखणं सोपं: अंगावर जाड काळसर नवं ब्ल्यूइंग (लोखंडावरचा काळा संरक्षक थर), फ्रेमच्या डाव्या बाजूला इंग्रजी एक्ससारखी फुली, आणि भागांवर विजेच्या पेनाने कोरून जुळवलेले आकडे. ही पिस्तुलं खोटी नाहीत. त्यांच्यावर दोन सैन्यांचा इतिहास आहे. फक्त ती मूळ जर्मन अवस्थेतली म्हणून विकत घेऊ नका. पश्चिम जर्मनीने १९५७ पासून हाच नमुना अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर बनवला आणि १९६३ मध्ये त्याचं नाव पी१ ठेवलं. नंतरच्या नगांच्या फ्रेममध्ये आडवी षटकोनी पिन दिसते. फ्रेम टिकावी म्हणून घातलेली ती मजबुती आहे. गोळ्या झाडण्यासाठी घेणार असाल तर षटकोनी पिनवाला घ्या.

आणि विकणाऱ्याचे आजोबा. प्रत्येक लुगर कुठल्याशा आजोबांनी जर्मन अधिकाऱ्याच्या कमरेचं काढून आणलेलं असतं. आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, सोबत कागद असेल तर कथेला किंमत द्या, नसेल तर कथा चहाबरोबर ऐका आणि पैसे फक्त लोखंडाचे द्या.

टेबलावरची तपासणी

हातात घेतल्याबरोबर मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) डोळ्याने बघा आणि करंगळीनेही चाचपा. विकणारा म्हणाला ‘रिकामं आहे’ तरी. तुमच्याकडून त्याच्याकडे परत गेलं की त्यानेही हेच करावं. जो करत नाही त्याच्याकडून मी काही घेत नाही.

मग विचारून, मॅगझिन बाहेर ठेवून, चार परीक्षा. हॅमर चढवा आणि अंगठ्याने मागून पुढे जोर द्या: घसरून पडला तर सीअर (हॅमर अडवून धरणारी खिट्टी) झिजली आहे. सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, आता सेफ्टी काढा: सेफ्टी काढताना हॅमर पडता कामा नये. स्लाइड मागे घ्या, चाप दाबून धरा, धरलेल्या चापावर स्लाइड पुढे सोडा: हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे. मग चाप हळूच सोडा आणि ‘टक्’ आवाज ऐका. हॅमर स्लाइडबरोबर पडला किंवा तो आवाज आला नाही तर डिस्कनेक्टर (एका दाबाला एकच गोळी सुटू देणारा भाग) नीट काम करत नाही, आणि असं पिस्तूल एकदा चाप दाबल्यावर मॅगझिन रिकामं होईपर्यंत सुटत राहू शकतं. शेवटची परीक्षा ज्यांना हॅमर उतरवायचा खटका आहे त्यांची. पी३८ आणि चेक वीझेड ५२ यांत तो आहे, आणि जुन्या, झिजलेल्या नगात तो विश्वासाचा नाही. रिकाम्या चेंबरवर बघून घ्या, आणि विकत घेतल्यावरही भरलेल्या चेंबरवर तो कधीच वापरू नका.

वीझेड ५२ चीच आणखी एक खोड: त्याची मूळ फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर टोचणारी) ठिसूळ असते. रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबला की मोडू शकते. दुकानात दहा जणांनी आवाज ऐकायला चाप ओढलेला नग तुमच्या हातात येतो हे लक्षात असू द्या. पिन बाहेर काढून टोक बघू द्या म्हणा.

नळी बघायची ती नागडी, पिस्तुलापासून सुटी करून (मकारोव्हसारखी पक्की बसवलेली असेल तर स्लाइड काढून), आणि पलीकडे पांढरा कागद धरून. टॉर्च थेट आत मारली तर प्रत्येक नळी चमकते. कागदाचा परावर्तित प्रकाश खरं बोलतो. नळी थोडी काळवंडलेली असणं हे वयाचं आहे, चालतं. मध्येच काळं कडं दिसलं, म्हणजे नळीच्या आत चारी बाजूंनी फिरलेली सावली, तर तिथे नळी फुगली आहे. कधीतरी गोळी आत अडकली आणि मागून दुसरी सुटली. बाहेरून बोट फिरवा, कधी कधी फुगवटा हाताला लागतो. अशी नळी बदलल्याशिवाय ते पिस्तूल फक्त कपाटात.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. माझ्या एका मित्राने चेक सीझेड ८२ ची नळी बघितली आणि ‘आटे पार गेलेत’ म्हणून खाली ठेवली. मी उचलली. या पिस्तुलाची नळी बहुकोनी असते, आत धारदार खाचा नसतातच, गोलसर वळणं असतात, त्यावर क्रोमचा मुलामा. ज्याला नेहमीच्या खाचा बघायची सवय, त्याला ती झिजलेलीच दिसणार. बारा गोळ्यांचं मॅगझिन, डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने लागणारी सेफ्टी, आणि नळी कोरी करकरीत. मित्र अजून माझ्याशी बोलतो.

ग्रीसची आंघोळ

गोदामातून आलेली पिस्तुलं बहुतेक वेळा घट्ट, तपकिरी संरक्षक ग्रीसमध्ये बुडवलेली असतात. दशकं उलटली की ते मेणासारखं होतं. लोक ते वरवर पुसतात, स्लाइड सरकली की खूश होतात. खरा धोका आत असतो.

मकारोव्हच्या फायरिंग पिनला परत ओढणारी स्प्रिंग नाही. पिन आपल्या बोगद्यात मोकळी खेळते. बोगद्यात ग्रीस सुकून पिन पुढच्या बाजूला चिकटली, टोक बाहेर राहिलं, आणि भरलेल्या मॅगझिनवर तुम्ही स्लाइड सोडलीत, तर चाप न ओढताच गोळी सुटू शकते. म्हणून मकारोव्ह घरी आला की बाकी सगळं नंतर, आधी पिन. सेफ्टीचा खटका बाहेर काढल्यावर पिन मागून निघते. पिन आणि बोगदा दोन्ही धुवा, वाळवा, तेल अजिबात नको. मग स्लाइड कानाजवळ धरून हलवा. पिनचा खुळखुळ आवाज स्पष्ट आला पाहिजे, घड्याळाचा रोटर फिरतो तसा. आवाज दबका आला की मी पुन्हा धुतो. पहिल्या मकारोव्हला मला तीन वेळा धुवावं लागलं. तिसऱ्या वेळी पिनच्या मागच्या बाजूने नखाएवढी तपकिरी चकती निघाली.

धुण्यासाठी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन. पेट्रोल नको, आगीशी खेळ नको. उघड्या जागेत, हातमोजे घालून, जुना टूथब्रश आणि बांबूची काडी घेऊन. मुठीच्या पट्ट्या आधी काढायच्या: बेकेलाइटला आणि जुन्या लाकडाला सॉल्व्हंट मानवत नाही. टोकारेव्हच्या पट्ट्यांना बाहेरून स्क्रू दिसत नाही म्हणून लोक चाकूने उचकटतात आणि बेकेलाइट तडकवतात. मॅगझिनच्या पोकळीतून आत बघा, डाव्या पट्टीमागे फिरणारी छोटी पट्टी आहे. ती फिरवली की पट्टी सुटते. टोकारेव्हचा हॅमर आणि सीअर मिळून एकच गठ्ठा वर उचलून निघतो, तो तसाच धुवा, पहिल्याच दिवशी त्याचे तुकडे करू नका.

लाकडी पट्ट्यांतलं ग्रीस उष्णतेने निघतं. कागदात गुंडाळून उन्हात ठेवा, कागद तेलकट झाला की बदला. घाई केली तर लाकूड चिरतं. शेवटी धातूचे भाग कोरडे करून लगेच पातळ तेलाचा हात फिरवा, कारण ग्रीस गेलं की लोखंड उघडं पडतं आणि रात्रीतून लाल होतं.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मी बोललो नाही तर धंद्याला बट्टा. पाचरीसारख्या पात्याचा नेहमीचा ड्रायव्हर खाचेच्या फक्त वरच्या कडांवर टेकतो आणि कडा फाडतो. समांतर पात्याचा, खाचेत पूर्ण बसणारा ड्रायव्हर घ्या. स्क्रूच्या फाटलेल्या खाचा हा विकणाऱ्याचा अर्धा कबुलीजबाब असतो.

स्प्रिंग

गोळ्या झाडणार असाल तर रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुढे ढकलणारी) नवी बसवा, जुनी कितीही ताठ दिसली तरी. नवी आणि जुनी शेजारी उभी करून बघा, जुनी आखूड दिसते. त्या आखूडपणाचा अर्थ स्लाइड प्रत्येक वेळी फ्रेमवर जास्त जोरात आदळते आहे. ७.६२ बाय २५ चं काडतूस तर जोराचं, टोकारेव्हची फ्रेम तो मार किती वर्षं खाणार? मकारोव्हची स्प्रिंग बसवताना लक्ष द्या: एक टोक किंचित आवळलेलं असतं, ते नळीवर आधी घट्ट बसतं. उलटी बसवली की स्लाइड अडखळते आणि माणूस बिचाऱ्या बल्गेरियाला शिव्या देतो.

मॅगझिनचे ओठही (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) बघा. तडा असेल तर काडतूस तिरकं चढतं. मूळ क्रमांकाचं मॅगझिन असेल तर ते झाडायला वापरू नका, कामासाठी दुसरं घ्या.

काडतुसं

नळीवर लिहिलेलं कॅलिबर आणि डबीवरचं कॅलिबर सारखं वाचतं म्हणून तेच असेल असं नाही. मकारोव्हचं ९ बाय १८ आणि सर्वत्र मिळणारं ९ बाय १९ ही वेगळी काडतुसं. मकारोव्हच्या गोळीचा व्यास सुमारे ९.२७ मिलिमीटर, दुसऱ्याचा ९.०१. जुन्या माउझर सी९६ मध्ये ७.६३ चं माउझर काडतूस चालतं. ७.६२ बाय २५ चं टोकारेव्ह त्यात बसतं, पण ते जास्त दाबाचं आहे. शंभरीच्या आसपासच्या पिस्तुलात ते झाडणं हा वेडेपणा. नागांत रिव्हॉल्व्हरचं काडतूस तर वेगळंच, गोळी पुंगळीच्या तोंडाच्या आत खोल बसवलेली, कारण सिलिंडर पुढे सरकून पुंगळीचं तोंड नळीत शिरतं आणि वायू अडवतं. त्याला त्याचंच खाणं द्या.

आता मीठ. गोदामातल्या जुन्या ७.६२ बाय २५ काडतुसांचे प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) पुष्कळदा पोटॅशियम क्लोरेटचे असतात. जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड राहतं, जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी खातं. तेलाने मीठ विरघळत नाही, ही साधी गोष्ट मला एका शनिवारी कळत नव्हती. रेंजवरून आलो, नळीतून तेलाची चिंधी फिरवली, चिंधी साफ निघाली, झोपलो. मंगळवारी बघतो तर चेंबरच्या पुढे तपकिरी लव. मिठावर मी तेलाचं पांघरूण घातलं होतं.

मीठ पाण्यानेच जातं. त्याच दिवशी नळी काढून गरम पाणी ओता, ब्रश मारा, पुन्हा ओता. नळीबरोबर स्लाइडचा पुढचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या नखीची) खाचही. गरम पाण्याने धातू तापतो आणि आपोआप लवकर वाळतो. मग कोरडी चिंधी, मग तेल. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. शंका असेल तर सगळ्याच जुन्या काडतुसांना मिठाची समजा. आणि हात धुवा: गोळ्यांचं शिसं, प्राइमरची राख, दोन्ही पोटात जायला नको.

गंज, आणि मी केलेला गाढवपणा

ब्ल्यूइंग म्हणजे रंग नव्हे. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, काळा मॅग्नेटाइट. आपण ज्याला गंज म्हणतो तो लाल ऑक्साइड, त्याचा आगाऊ चुलतभाऊ. गंज काढणाऱ्या आम्लाला या दोघांतला फरक कळत नाही, आणि हे मला माझ्या पहिल्या टोकारेव्हने शिकवलं. स्लाइडवर पुदिन्याच्या पानाएवढा लाल डाग होता. मी गंज घालवणाऱ्या द्रावणात स्लाइड बुडवली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर डाग गेला होता, आणि त्याच्यासोबत पोलंडचं सगळं काळेपण. हातात राखाडी पांढरी पट्टी, रादोमच्या अंडाकृती शिक्क्यासह. मी रडलो नाही, पण बायकोने विचारलं की कोण गेलं.

तेव्हा पहिला उपाय: तेल आणि वेळ. डागावर तेल घाला, दोन दिवस सोडा, तांब्याच्या किंवा पितळेच्या सपाट पट्टीने हलके खरवडा. तांबं लोखंडाहून मऊ आहे, गंज निघतो, खालचं ब्ल्यूइंग राहतं. उरलं तर सगळ्यात बारीक कांस्य लोकर तेलात भिजवून. सँडपेपर घरातच ठेवू नका.

दुसरा उपाय पसरट लाल गंजासाठी, आणि तो जादूसारखा आहे. भाग सुटा करा, स्प्रिंग आणि पट्ट्या बाजूला, तेल पूर्ण काढा, आणि डिस्टिल्ड पाण्यात वीस मिनिटं उकळा. लाल ऑक्साइड उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. बाहेर काढल्यावर भाग काळा मखमली दिसतो. ती मखमल तेल नसलेल्या बारीक लोकरीने झाडली की खालून जुनं ब्ल्यूइंग वर येतं, आणि जिथे गंज होता तिथे खड्डा राहिला तरी तो काळा राहतो. अर्थात अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हे नाही.

नवं ब्ल्यूइंग? ज्याचं मूळ काही उरलेलंच नाही अशा नगाला करा. बाकी कशालाही नाही. माझा पांढरा टोकारेव्ह मी तसाच ठेवला आहे, नव्या माणसांना दाखवायला बरा पडतो.

ठेवण

कातडी होल्स्टर सुंदर असतात आणि पिस्तुलाचे शत्रू असतात. कमावलेलं कातडं ओलावा धरतं, त्यातली आम्लं आणि क्षार लोखंडाला लागतात. पितळेची बटणं हिरवी झालेली दिसली तर आतल्या स्लाइडचं काय झालं असेल ते समजा. पिस्तूल वेगळं, होल्स्टर वेगळं, दोन्हींवर एकच क्रमांकाची चिठ्ठी. फोमच्या पेटीतही नको, फोम स्पंजासारखा ओल धरतो. कुलूपबंद कपाट, सिलिका जेल, आणि आतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. स्वस्तातलं आर्द्रतामापक आत ठेवा, सिलिका जेलचा अंदाज चुकतो. काडतुसं दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात.

जास्त हाताळत नसलेल्या नगांवर तेलाऐवजी मी सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतो, ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालं तेच. नखाएवढं घ्यायचं, पातळ फासायचं, लगेच मऊ कापडाने चोळायचं. तेल खाली ओघळतं आणि धूळ धरतं, मेण जागेवर बसतं. बोटांचे ठसे मात्र मेणालाही शत्रू: दाखवून झालं की पुसूनच आत.

तीन महिन्यांतून एकदा सगळे बाहेर काढतो. प्रत्येकाचं पान वहीत आहे: कधी घेतलं, कुठल्या भागावर कोणता आकडा, कोणती स्प्रिंग कधी बदलली, कुठे डाग होता आणि तो किती मोठा होता, फोटो कुठल्या पाकिटात. काढलेला प्रत्येक मूळ भाग त्याच पिस्तुलाच्या नावाच्या पाकिटात जातो, मोडलेला असला तरी. वीझेड ५२ ची मोडकी पिन तशीच पडून आहे. टोकारेव्हच्या पानावर मी फक्त तारीख आणि ‘चहा’ एवढंच लिहिलं आहे.